बागेत झाडू कमी, खुरपं जास्त

घरची बाग स्वच्छ करायची म्हटलं की आधी झाडू हातात येतो आणि निम्मी गडबड तिथेच होते. फरशी, पायवाट झाडायलाच हवी. वाफा मात्र झाडायचा नसतो. खराट्याचे चार हात फिरले की वरची भुसभुशीत माती निघून जाते, वरवरच्या मुळ्या उघड्या पडतात आणि तणाच्या बियांना उघडी जमीन आयती मिळते. असा वाफा आठवडाभर देखणा दिसतो, नंतर महिनाभर खुरपायला लावतो.

तण काढायचं ते फूल यायच्या आत. बी एकदा सांडलं की तेच काम पुढची काही वर्षं पुरतं. कोरड्या मातीत ओढलं तर वरचा शेंडा हातात येतो नि मूळ आत राहतं. चिखलात ओढलं तर मातीची ढेकळं निघतात आणि जमीन तुडवली जाते. पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांनी वाफसा येतो, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली होते, ती योग्य वेळ. खुरपं तिरकं घालून मूळ सैल करायचं आणि मग उपटायचं.

हरळी आणि लव्हाळा यांचं प्रकरण वेगळं. हरळीच्या प्रत्येक पेऱ्याला मुळ्या फुटतात, त्यामुळे कुदळीने तुकडे करणं म्हणजे तिची लागवड करणं. धागा न तोडता, माती हलकी करत पूर्ण ओढून काढावा लागतो. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठी असतात. वरचं पान उपटलं की दोरा तुटतो, गाठ तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कोंब वर येतो. पाच-सहा पानं व्हायच्या आत दर वेळी काढत राहिलं, तरच गाठीतला साठा संपत जातो. दोन्हींच्या मुळ्या, गाठी कंपोस्टमध्ये टाकू नयेत. कडक उन्हात पार वाळवल्याशिवाय त्या मरत नाहीत.

खुरपून झालं की माती झाकायची. वाळलेल्या पाल्याचा ५ ते ७ सेंटिमीटर थर पुरतो. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड सतत ओलं राहून साल कुजते. थर फार जाड झाला तर हलकं पाणी वरच अडतं आणि खालची माती कोरडीच राहते. हिरवं कापलेलं गवत एकदम जाड पसरू नये. ते चिकटून गादीसारखं होतं, तापतं आणि वास मारतं.

मात्र सगळाच पाला ठेवण्याजोगा नसतो. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं उचलून बागेबाहेरच टाकायची. त्या पानांवरची बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर चढते. निरोगी पाला कंपोस्टला घालावा. ओल्या कचऱ्याच्या एका घमेल्याला सुक्या पाल्याची दोन-तीन घमेली, हा अंदाज सहसा चुकत नाही. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर सुका पाला वाढवून ढीग खालीवर करायचा; कुजका वास येतो तो हवा आत जात नाही म्हणून.

छाटणीत आधी वाळलेली आणि रोगट फांदी, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. डोळ्याच्या, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते त्या कळीच्या, वर अर्धा सेंटिमीटर, किंचित तिरका काप. लांब खुंट ठेवला तर तो डोळ्यापर्यंत वाळत येतो, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. रोगट झाडावर चालवलेलं सिकेटर (छाटणीची कात्री) पुढच्या झाडाला लावण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावं. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पातं गंजतं.

कुंड्यांवर चढणारा पांढरा थर म्हणजे पाण्यातले आणि खतातले क्षार. बाहेरून व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन ब्रशने घासलं की निघतो. मातीवरही आला असेल तर वरची दोन सेंटिमीटर माती बदलायची आणि तळातून पाणी सहज वाहून जाईपर्यंत साधं पाणी सोडायचं. त्याच वेळी तळाचं भोक काडीने मोकळं करून घ्यावं. बरेचदा मुळ्यांनीच ते बुजवलेलं असतं. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतून भागत नाही, घासाव्या लागतात. काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी येताच फुटतात.

पायवाटेवर हिरवं शेवाळ येत असेल तर घासण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा. गळका नळ, पाइपचा सैल जोड किंवा उतार नसलेला कोपरा, यांपैकी काहीतरी सापडतंच. ते दुरुस्त न करता कितीही घासलं तरी शेवाळ परत येतं.

अवजारं ठेवताना माती धुऊन कोरडी करायची आणि पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवायचा. सिकेटर फांदी कापण्याऐवजी चिरडायला लागलं की धार गेली समजा. एकमेकांना घासून जाणाऱ्या दोन पात्यांच्या सिकेटरमध्ये फक्त कापणाऱ्या पात्याला, तेही त्याच्या उताराच्या बाजूनेच, धार लावायची. दोन्ही बाजूंनी घासलं तर पात्यांमध्ये फट पडते आणि फांदीची साल मध्येच अडकून सोलली जाते.