नळांची नोंद असताना दारोदार का फिरता?

पिण्याच्या पाण्याच्या घरगुती सर्वेक्षणांचं काम करते म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो. नळजोडण्या किती दिल्या याची नोंद पाणीपुरवठा खात्याकडे असतेच, मग घरोघर जाऊन ‘पाणी कुठून आणता?’ असं विचारत कशाला बसायचं? खात्याचा आकडा घ्या, लोकसंख्येशी ताळा करा आणि मोकळे व्हा. विचारणारा हुशार असतो, आणि बऱ्याचदा अभियंता असतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोंदवहीवरून एवढंच कळतं की नळ बसवला. त्याचं पाणी कोण पितं, हे तिला ठाऊक नसतं. पंप जळाला, जलवाहिनी फुटली, थकबाकीपायी जोडणी तोडली, पाण्याला वास येतो म्हणून घरच्यांनीच ते प्यायचं सोडलं, तरी वहीत त्या घराला पाणी मिळालेलंच असतं. उलट, स्वतःच्या खर्चानं बोअर मारलेली घरं खात्याच्या खिजगणतीतही नसतात. एका नळावर एक घर भरतं की चार, हे तर दारात गेल्याशिवाय समजतच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम १९९०पासून जगभरचे पाण्याचे आकडे जमवतो. सुरुवातीला तेही सरकारांनी कळवलेल्या माहितीवरच विसंबत. २००० सालच्या अहवालापासून त्यांनी भर दिला तो घरगुती सर्वेक्षणांवर आणि जनगणनांवर, म्हणजे पाणी पुरवणाऱ्याऐवजी ते वापरणाऱ्याला विचारण्यावर.

आता लोक सांगतात ते सगळं खरं धरायचं का? नाही. पण उत्तर कुठे घसरतं हे माहीत असलं की त्याचा उपयोग करता येतो. पहिला प्रश्न असतो, ‘घरातली माणसं पिण्यासाठी मुख्यतः कुठलं पाणी वापरतात?’ माझ्या मते अख्ख्या प्रश्नावलीत सगळ्यात लंगडा प्रश्न हाच. पावसाळ्यात विहीर, उन्हाळ्यात टँकर आणि पाहुणे आले की बाटलीबंद पाणी, असं असलेल्या घराला आपण एकच पर्याय निवडायला लावतो. लोक आजचं सांगतात. त्यामुळे दोन सर्वेक्षणं वेगवेगळ्या ऋतूंत झाली असली की ‘पाच वर्षांत परिस्थिती सुधारली’ असले निष्कर्ष जपून वाचावे लागतात.

पुढचा प्रश्न वेळेचा. जाऊन, रांगेत थांबून, पाणी भरून परत यायला किती मिनिटं लागतात? अधल्यामधल्या मिनिटांत सहसा कुणी सांगत नाही. ‘पाव तास’, ‘अर्धा तास’, ‘तास’ अशीच उत्तरं येतात. आणि संयुक्त कार्यक्रमाच्या प्रतवारीत ‘मूलभूत’ सेवेची मर्यादा नेमकी ३० मिनिटं धरलेली आहे! ३० मिनिटांपर्यंत मूलभूत, त्याहून जास्त लागली तर ‘मर्यादित’. म्हणजे पाऊण तासाच्या खेपेला सवयीनं ‘अर्धा तास’ म्हणणारं प्रत्येक घर अलगद वरच्या पायरीवर जाऊन बसतं. त्यातून उत्तर देणारा कर्ता पुरुष असेल आणि हंडा त्यानं कधी उचललाच नसेल, तर ती मिनिटं ऐकीवच म्हणायची. घराची माहिती घरातली कुणीही जाणती व्यक्ती देऊ शकते, असा नियम आहे. पाण्यापुरता तो बदलावा, असं मला फार वाटतं.

एक गोष्ट आकडेवाल्यांनाही सांगावी लागते. नमुना निवडताना आधी वस्त्या काढतात आणि मग प्रत्येक वस्तीतली वीस-पंचवीस घरं. मुलांचं वजन, आईचं शिक्षण या गोष्टी घरागणिक बदलतात. पाण्याचं तसं नसतं. एका विहिरीवर सगळी आळी भरते, त्यामुळे वीस दारांवर एकच उत्तर मिळतं. शंभर वस्त्यांतली अडीच हजार घरं हा नमुना ऐकायला भरघोस वाटतो, पण पाण्यापुरती त्याची ताकद कित्येकदा शंभराच्याच आसपास घुटमळते.

व्याख्येचा खेळ याहून मोठा. मार्च २०१२मध्ये जाहीर झालं की संयुक्त राष्ट्रांच्या २०१५पर्यंतच्या सहस्रक विकास उद्दिष्टांतलं पाण्याचं लक्ष्य मुदतीआधीच, २०१०मध्ये, गाठलं गेलं. जगातले ८९ टक्के लोक ‘सुधारित’ स्रोतातलं पाणी वापरत होते. सुधारित म्हणजे नळ, बोअर, संरक्षित विहीर वगैरे. पाणी शुद्ध आहे का, हा प्रश्न त्यात नव्हताच. बांगलादेशात तळ्यातल्या पाण्यातले रोगजंतू टाळायला खोदलेल्या नलिकाविहिरी या हिशोबानं सुधारितच होत्या, पण त्यांतल्या कित्येकींच्या पाण्यात आर्सेनिक होतं. पुढे त्यांच्या जागी आलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ‘सुरक्षित’ पाण्याचे निकष कडक झाले. पाणी घरात किंवा आवारात हवं, गरजेला मिळायला हवं, आणि त्यात विष्ठेतले जंतू किंवा आर्सेनिक-फ्लोराइडसारखी रसायनं नकोत. संयुक्त कार्यक्रमाच्या २०१७च्या अहवालात या मोजपट्टीनं २०१५चा आकडा आला ७१ टक्के. पाणी तेच होतं, प्रश्न बदलला होता.

याच काळात युनिसेफच्या घरगुती सर्वेक्षणांत पाण्याची तपासणीही होऊ लागली. सर्वेक्षक म्हणते, ‘तुमच्या घरची माणसं पितात तेच पाणी पेलाभर द्या.’ घरची बाई पाहुण्यासाठी म्हणून वेगळी कळशी उघडायला लागली तर तिला थांबवायचं, पण पाणी घ्यायचं ते तिच्याच हातानं, तिच्याच ओगराळ्यानं. त्यातलं १०० मिलिलिटर बारीक गाळणीपडद्यातून ओढतात आणि तो पडदा छोट्या तबकडीवर ठेवून साधारण ३५ अंशांवर २४ ते ४८ तास उबवतात. जिथे वीज नसते तिथे तबकड्या पट्ट्यात घालून सर्वेक्षकाच्या अंगाच्या उबेवरही ठेवतात. मग निळे ठिपके मोजायचे, ते ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेले जंतू. शंभराच्या वर गेले की मोजणी थांबवून १०१ लिहायचं. स्रोताचं पाणीही तपासतात, आणि बहुतेक ठिकाणी पेल्यातलं पाणी स्रोतापेक्षा खराब निघतं. वाहतूक, उघडी भांडी आणि हात मधे आलेले असतात. हे नळाच्या नोंदीत कुठे दिसणार?

नोंदीच नकोत, असं मात्र मी म्हणत नाही. सर्वेक्षण काही वर्षांनी एकदा होतं, पाणीपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाची माहिती वरचेवर मिळते. संयुक्त कार्यक्रम दोन्ही वापरतो. पण तीन निकषांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असल्यानं तो त्यातला सगळ्यात कमी आकडा उचलतो. एका देशात ८० टक्क्यांकडे आवारात पाणी, ७० टक्क्यांना गरजेला मिळतं आणि ६० टक्क्यांचं शुद्ध असेल, तर उत्तर ६०. ही तीनही सुखं त्याच ६० टक्क्यांच्या वाट्याला आली असतील, असं कशावरून? खरा आकडा त्याहून कमी असू शकतो, जास्त मात्र नाही. २०२०साठी या पद्धतीनं जगात सुमारे २०० कोटी लोक सुरक्षित पाण्याविना होते. २०२४ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं २७ देशांतल्या सुमारे ६५ हजार घरांची माहिती घेतली, निकष घराघरात एकत्र तपासले, उपग्रहांच्या माहितीची जोड दिली आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच ४४० कोटी असा अंदाज काढला. २७ देशांवरून सव्वाशेहून जास्त देशांचा अंदाज बांधलाय, तेव्हा त्या ४४०वर मी पैज लावणार नाही. पण २००हून तो बराच वर असणार, याबद्दल मला शंका नाही.

एवढं ऐकल्यावर अभियंते विचारतात, मग प्रत्येक घरात पाणी का तपासत नाही? तबकड्या, प्रशिक्षण, दुसऱ्या दिवशी तबकड्या मोजायला लागणारा वेळ, सगळ्याला पैसा पडतो. म्हणून एका वस्तीतल्या मोजक्या घरांचंच पाणी तपासलं जातं, आणि आर्सेनिक-फ्लोराइडची तपासणी तर बहुतेक सर्वेक्षणांत होतच नाही.