रफूचे मोजे

सात बॅसिलिका, म्हणजे मानाची मोठी चर्चं, एका दिवसात, पायी. संत फिलिप नेरींनी 16व्या शतकात रूढ केलेली रोमची ही वारी. संत पीटर झालं, संत पॉल झालं. गुडघे टेकतो न टेकतो तोच आमच्या पुढाऱ्याने पुढची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू केली. मावशी दर नळापाशी थांबायची. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, आणि तिला प्रत्येक नळाचं पाणी चाखायचं होतं.

"मावशी, चल ना गं!"

संत कॅलिक्स्टसच्या भुयारात, म्हणजे जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत, गार वाटलं. खरं सांगतो, भक्तीपेक्षा गारव्यानेच पाय तिथून निघेना. 258 साली, 6 ऑगस्टला, सम्राट व्हॅलेरियनच्या शिपायांनी पोप दुसरे सिक्स्टस आणि चार डिकनांना, म्हणजे चर्चच्या सेवकांना, दफनभूमीतच गाठून मारलं. डिकन लॉरेन्सला चार दिवसांनी. भांडार त्याच्या हाती. चर्चचा खजिना आण म्हटल्यावर त्याने रोमचे गोरगरीब नेऊन उभे केले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याआधी सातेक वर्षांपूर्वीच्या पोप कॉर्नेलियस यांच्या पत्रात हिशेब आहे: डिकन 7, आणि चर्चच्या आधारावर जगणाऱ्या विधवा आणि गरजू 1500 हून अधिक. डोक्यावर तलवार, तरी रोज इतक्यांची सोय!

आपिया रस्त्याला फूटपाथ नाही. गाड्या कोपराला घासून जात होत्या. तिथेच माझ्या टाचेचा फोड फुटला. पुढारी लांब गेला होता. मी एका फाटकाशी बसलो, तर आतून एक म्हातारी आली आणि माझा बूट ओढायला लागली. लाजून पाय मागे घेतला तर नडगीवर चापट! टमरेलाने टाच धुतली, पट्टी लावली, आत जाऊन करडे पुरुषी मोजे आणले. एकाच्या टाचेला काळ्या दोऱ्याची रफू. ती इटालियनमध्ये ओरडत होती, मावशी मराठीत आभार मानत होती, दोघींचं छान जमलं होतं.

लॅटरन, सांता क्रोचे कशीबशी उरकली. संत लॉरेन्सला पोचलो तेव्हा मीच सगळ्यांत मागे, मावशी कट्ट्यावर बसून वाट बघत होती. वेदीखाली लॉरेन्स आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन शेजारी शेजारी पुरलेले. स्तेफनलाही विधवांच्या पंगतीत वाढपात भेदभाव होऊ नये म्हणूनच नेमलेलं. मला प्रार्थना सुचेना. टाच ठणकत होती.

"मोजे परत कसे द्यायचे रे?" मावशीने विचारलं.

सातवी बॅसिलिका राहिली. मोजे वसईला आणले, धुतले. मावशी दर 10 ऑगस्टला त्यांची चौकशी करते.