व्हीसीडी ते सर्व्हर: दुसऱ्या डिस्कचा आवाज अखेर जुळला

जुन्या नाटकांच्या व्हीसीडी मी सर्व्हरवर उतरवतोय. मागच्या अपडेटमध्ये अडकलेला तीन डिस्कचा नाटकाचा संच एकदाचा सुटला. पहिली आणि तिसरी डिस्क आधीच उतरली होती. दुसरीत मात्र अर्ध्यानंतर आवाज ओठांच्या पुढे पळायचा आणि दर ओरखड्यागणिक अंतर वाढत जायचं. बरीच जुनी नाटकं ओटीटीवर आलेलीच नाहीत, त्यामुळे सबस्क्रिप्शन वाढवूनही ती मिळत नाहीत. रद्दीच्या दुकानातली दहा-वीस रुपयांची डिस्क धड वाचता येणं, हीच इथली खरी बचत.

आधी वाचनाचं बघू. लिनक्सवर डिस्क माउंट करून (फोल्डरसारखी उघडून) तिच्यातली व्हिडिओची डॅट फाइल कॉपी करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येते. डिस्क खराब असेलच असं नाही. माउंट केल्यावर सिस्टिम २०४८ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) मागते, आणि व्हीसीडीचा व्हिडिओ मोड २ फॉर्म २ या सेक्टर-प्रकारात, म्हणजे सेक्टरमागे २३२४ बाइट असा भरलेला असतो. ही जास्तीची जागा डेटा सीडीवरचं चूक-दुरुस्तीचं वरचं कवच काढून मिळवलेली आहे. म्हणून ज्या ओरखड्यावरून डेटा सीडी सहज निघून जाते, तिथे व्हीसीडी अडखळते. उपाय: सीडीआरडाओ या प्रोग्रॅमने अख्खी डिस्क रॉ मोडमध्ये, म्हणजे सेक्टर जसेच्या तसे, बिन फाइलमध्ये उतरवायची आणि व्हीसीडीएक्सरिप या प्रोग्रॅमने त्यातून एमपीईजी व्हिडिओ काढायचा. त्याआधी इजेक्ट कमांडच्या -x पर्यायाने ड्राइव्हचा वेग ४ वर आणायचा. पूर्ण वेगात वाकडी डिस्क थरथरते आणि वाचणारे सेक्टरही हातचे जातात.

आता आवाज. एका सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे पाल या टीव्ही पद्धतीच्या (सेकंदाला २५ फ्रेम) एका फ्रेमला तीन. ओरखड्यात १५० सेक्टर गेले की दोन सेकंद गेले. चित्राची फ्रेम अर्धवट फुटली तरी डीकोडर ती मोजतो. एमपी२ या व्हीसीडीवरच्या फॉरमॅटमधल्या आवाजाची २६ मिलिसेकंदांची फ्रेम फुटली की ती सरळ गळते. जुन्या गाइडमध्ये सांगतात तसं चित्र आणि आवाज वेगळे काढून पुन्हा जोडले, की पॅकेटवरचे टाइमस्टॅम्प (वेळेच्या खुणा) फेकले जातात आणि गळालेली जागा कुणी भरतच नाही. त्यामुळे आवाज आखूड होतो.

म्हणून वेगळं काढायचंच नाही. एमपीईजी थेट एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा आणि आवाजाला त्याचा एरीसॅम्पल (aresample) फिल्टर async=1 सह लावायचा, तो टाइमस्टॅम्प बघून खड्ड्यात शांतता भरतो. चित्र एक्स२६४ एन्कोडरने, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८ ठेवून. मूळ एमपीईजी-१ तसंच ठेवलं तर टीव्हीवरचं जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं ॲप कुरकुरतं आणि सर्व्हर चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बिचारा ट्रान्सकोड (चालू असतानाच रूपांतर) करत बसतो. ३५२ बाय २८८ ला पिक्सेल गुणोत्तर १२:११ द्यायला विसरू नका, नाहीतर सगळी पात्रं उभट दिसतात. १०८० पर्यंत ताणून काहीच मिळत नाही, नुसती फाइल फुगते.

तपासायला टाळीचा प्रसंग शोधावा. पात्राचे तळहात भिडतात ती फ्रेम थांबवून एकेक फ्रेम मागेपुढे करायची. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दुसऱ्या डिस्कच्या अगदी शेवटच्या प्रवेशात टाळी आणि आवाज आता त्याच फ्रेमवर आहेत. फार समाधान वाटतं!

सफाईला महागडं डिस्क क्लीनिंग किट घेऊ नका. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं फडकं पुरतं. पुसायचं ते मधून कडेकडे. गोल पुसलं तर पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो. विकत घेण्याआधी डिस्क उजेडासमोर धरा. सीडीचा चमकता थर लेबलाच्या लगेच खाली असतो, तिथे टाचणीएवढी भोकं दिसली तर ती डिस्क सोडून द्या. पॉलिश फक्त खालच्या बाजूला चालतं.

ड्राइव्हबद्दल मत ठाम झालंय: लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपचा जुना साटा जोडणीचा डीव्हीडी रायटर कितीतरी चिवट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तो स्वस्तात मिळतो. फक्त यूएसबी अडॅप्टर वेगळ्या १२ व्होल्ट पुरवठ्याचाच घ्या. अडीच इंची हार्ड डिस्कचा अडॅप्टर ५ व्होल्टच देतो, त्यावर ड्राइव्ह फिरतच नाही.

पुढे चौथ्या संचाला हात घालायचा होता, पण हे लिहिताना एक सुचलं. रॉ सेक्टरच्या सुरुवातीला १२ बाइट सिंक (सेक्टर सुरू झाल्याची खूण) आणि त्यामागोमाग मिनिट-सेकंद-फ्रेमचा पत्ता असतो. तीच डिस्क तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवली, तर पत्ता जुळवून प्रत्येक सेक्टर तीन प्रतींतून बहुमताने निवडता येईल. मग खड्डे शांततेने भरण्याची वेळच कमी येईल. आधी याची छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहून याच दुसऱ्या डिस्कवर चालवतो. कुणाकडे एकाच खराब डिस्कच्या दोन बिन फाइली असतील तर त्यांचे सेक्टर ताडून बघा आणि किती वेगळे निघतात ते कळवा.