फोर्टमधल्या जुन्या इमारती बघायच्यात? मग काहीतरी काम काढून जा

मुंबईच्या फोर्टमधल्या नावाजलेल्या इमारतींपैकी बहुतेक आजही चालती कचेऱ्याच आहेत. 'नुसतं बघायला आलो' म्हटलं की दारावरचा माणूस हात आडवा करतो. काम असलेल्याला मात्र फारसं कुणी हटकत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम कामाचा दिवस निवडला आणि जिथे जमेल तिथे एखादं बारीकसं काम काढून गेलो.

सुरुवात सीएसएमटीपासून. लोक रस्त्यापलीकडून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तुम्ही लोकलच्या जुन्या तिकीटघरात जा आणि रांगेत उभे राहा. पुढच्याच मस्जिद स्टेशनचं पाच रुपयांचं तिकीट मागा, गाडी पकडली नाहीत तरी चालेल. रांग पुढे सरकेपर्यंत मान वर करून छताकडे बघायचं: निळ्यावर सोनेरी चांदण्या, खाली संगमरवरी खांब. एवढ्या स्वस्तात असा दरबार दुसरीकडे मिळायचा नाही. बाहेर आलात की दर्शनी भिंतीवरचे दगडी मुखवटे न्याहाळा, त्यांत नाना शंकरशेटही आहेत.

समोरच महापालिकेचं मुख्यालय. दोन्ही इमारतींचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचाच. स्टेशनाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, पालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. मला विचाराल तर पालिका उजवी. स्टेशनावर नक्षीची गर्दी आहे, इथे उंचीचा रुबाब आहे. आतलं सभागृह मात्र असंतसं बघता येत नाही. त्यासाठी शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक असतो. त्याची नोंदणी आधीच करून ठेवा, निघण्यापूर्वी वेळा तपासा आणि ओळखपत्र बरोबर घ्या. पोटपूजेसाठी 'आराम'चा वडापाव तिथून दोन पावलांवर.

सगळ्यात सोपा प्रवेश जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत. १९१३ ची ही इमारत जॉन बेगची, घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्या, घुमटाखाली उभ्याउभ्याच चार ओळी खरडा आणि तिथेच टाका. आमच्या मावशीला कार्ड आलेलं बघून आधी काळजीच वाटली, कोण गेलं म्हणून!

तिथून मिंट रोडवर मुळजी जेठांची पाणपोई आहे. मार्गदर्शक पुस्तकं तिच्याकडे सहसा काणाडोळा करतात, पण मला ती सगळ्यात भिडली. अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीत बापाने रस्त्यावरच्या तहानलेल्यांसाठी बांधलेली ही वास्तू, तीही स्टीव्हन्सच्याच हातची. मुंबईतल्या सार्वजनिक सोयी सरकारइतक्याच शेठ-सावकारांच्या पैशांतून उभ्या राहिल्या, हे इथे दिसतं. राजाबाई टॉवरही त्यातलाच. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव लागलं.

एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर फोटोवाल्यांची झुंबड असते, ती टाळायची तर सकाळी लवकर. टाउन हॉल म्हणून ही इमारत १८३३ मध्ये खुली झाली. आत नाना पुन्हा भेटतात, या खेपेला अख्ख्या पुतळ्याच्या रूपात.

हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरचं विद्यापीठ, दोन्ही १८७८ मध्ये पुरी झालेली, रस्त्यावरून धड दिसतच नाहीत. ओव्हल मैदान ओलांडून पलीकडे जा आणि मग मागे वळून बघा. दुपारनंतर ऊन थेट या बाजूवर पडतं, फोटोसाठी तीच वेळ. मैदानाच्या दुसऱ्या अंगाला आर्ट डेको इमारतींची ओळ आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. राजाबाई टॉवरवर चढता येईल या आशेने मात्र जाऊ नका.

पाय दुखले तर काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाकडे वळा. वाचनालयात बसण्याचे नियम दारात विचारून घ्या.

एप्रिल-मेमध्ये हा काळा दगड भट्टीसारखा तापतो, तेव्हा दुपार टाळाच. हिवाळा उत्तम. स्वच्छतागृह स्टेशनातच उरकून घ्या, मध्ये शोधत बसावं लागतं. चालणं कमी करायचं असेल तर मेट्रो ३ ची सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही तिन्ही स्टेशनं याच वाटेवर पडतात. चर्चगेटला उतरलात तर समोरची पश्चिम रेल्वेची कचेरी चुकवू नका, तीही स्टीव्हन्सचीच.