२२८.०.०.४ ला नेमकं कोण हाका मारतंय?

फायरवॉल सांभाळणाऱ्या मॅडमचा मेसेज त्रोटक होता: "तुमच्या डीएमझेडमधल्या ॲप सर्व्हरचे ड्रॉप थांबत नाहीयेत. लॉग त्यानेच भरतोय. बघा जरा." डीएमझेड म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्या मधला वेगळा ठेवलेला भाग, आणि ड्रॉप म्हणजे फायरवॉलने अडवून टाकून दिलेली पॅकेट्स. सोबत आमच्या सर्व्हरपुरता फिल्टर लावलेला स्क्रीनशॉट. सगळ्या ओळी सारख्याच. सोर्स आमचा सर्व्हर, डेस्टिनेशन २२८.०.०.४, यूडीपी, पोर्ट ४५५६४, डिनाय. सेकंदाला दोन, म्हणजे दिवसाला १,७२,८०० ओळी.

२२४ ते २३९ ने सुरू होणारे आयपी ॲड्रेस मल्टिकास्टचे. तिथे एक कोणी बसलेला नसतो, तो एक ग्रुप असतो आणि ज्याला ऐकायचंय तो त्यात सामील होतो. त्यामुळे सर्व्हर फायरवॉलवर काही पाठवत होता असं नाही. तो आपल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या तुकड्यात, पुकारा करत होता, आणि त्याच व्हीलॅनमध्ये एक पाय असलेल्या फायरवॉलच्या कानावर ते पडत होतं. मॅडमनी लगेच तोडगाही सुचवला, "लॉग न करता ड्रॉप करायचा रूल टाकते, विषय संपला." मी म्हटलं, "मॅडम, दोन दिवस थांबा. रूल टाकलात तर आवाज फक्त तुम्हाला ऐकू येणार नाही, सर्व्हर ओरडतच राहील."

सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट्स पकडून दाखवणारं टूल) लावला, तोही फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सवर. टीटीएल, म्हणजे पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं त्याचा आकडा, १. म्हणजे राउटर ओलांडून जायचा याचा इरादाच नव्हता. जावाच्या मल्टिकास्ट सॉकेटचा डिफॉल्ट टीटीएल १ असतो, त्यामुळे संशय तिकडेच गेला. पॅकेटचा आतला मजकूर हेक्समध्ये उघडला तर सुरुवातीलाच वाचता येण्याजोगी अक्षरं सापडली: 'ट्राइब्स-बी'. टॉमकॅट म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर, आणि ट्राइब्स हे त्याच्या क्लस्टरिंगमागचं, म्हणजे अनेक टॉमकॅट एक गट म्हणून चालवण्यामागचं, मॉड्यूल. एकापेक्षा जास्त टॉमकॅट एकमेकांना शोधतात ते या हार्टबीटवर, म्हणजे 'मी आहे' सांगणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर. डिफॉल्ट ग्रुप २२८.०.०.४, पोर्ट ४५५६४, दर ५०० मिलिसेकंदाला एक ठोका, आणि ३००० मिलिसेकंद ठोका आला नाही की तो मेंबर गेला असं धरायचं. सेकंदाला दोनचं गणित इथे जुळलं.

मशीनवर टॉमकॅटची तीन इन्स्टन्स होती. 'एसएस' कमांडने ४५५६४ कोणत्या प्रोसेसने धरलाय ते पाहिलं, प्रोसेसच्या आर्ग्युमेंट्समधून कॅटालिना बेसचा, म्हणजे त्या इन्स्टन्सच्या फोल्डरचा, पत्ता काढला, आणि तिथल्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये क्लस्टरचा टॅग उघडा सापडला. टॉमकॅटसोबत येणाऱ्या फाइलमध्ये तो कॉमेंटमध्ये, म्हणजे निष्क्रिय, असतो. पूर्वी हे ॲप दोन सर्व्हरवर चालायचं तेव्हा कुणीतरी तो उघडला होता. पुढे जोडीदार सर्व्हर बंद झाला, उरलेलं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) डीएमझेडमध्ये हलवलं आणि फाइल जशीच्या तशी सोबत आली.

कारण कळलं, तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं, कोणाला कोणता ग्रुप हवाय ते विचारत राहणारा क्वेरियरही होता. ज्या पोर्टवरच्या मशीनने ग्रुप मागितलाय त्याच पोर्टवर ट्रॅफिक सोडायचा, हेच तर स्नूपिंगचं काम. फायरवॉलने हा ग्रुप मागितलाच नव्हता. मग त्याच्यापर्यंत पॅकेट पोचलं कसं?

उत्तर मॅक ॲड्रेसमध्ये, म्हणजे स्विच ज्यावरून पॅकेट पोचवतो त्या हार्डवेअर पत्त्यात, होतं. मल्टिकास्ट आयपीचा मॅक बनवताना पुढे ०१-००-५ई लावतात आणि आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट घेतात. ग्रुप वेगळा ओळखायला बिट असतात २८, त्यातले ५ गळतात, त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येऊन बसतात. ही पद्धत स्टीव्ह डिअरिंग यांच्या १९८९ च्या आरएफसी १११२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातली. त्यांना मॅकचे सोळा सलग ब्लॉक हवे होते, पण एकाची किंमत हजार डॉलर, म्हणून इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच विकत घेतला आणि त्यातलाही अर्धाच दिला, असा किस्सा सांगतात. खरा असेल तर त्या काटकसरीची किंमत आपण अजून मोजतोय. २२८.०.०.४ चा मॅक होतो ०१-००-५ई-००-००-०४, आणि २२४.०.०.४ चाही तोच. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटिंग प्रोटोकॉल वगैरेंसाठी राखीव असल्यामुळे स्विच तो सगळ्या पोर्टवर सोडतो. आमचा स्विच आयपी न पाहता मॅक पाहून ठरवणारा. त्याच्या लेखी हे राखीव ट्रॅफिक होतं, म्हणून स्नूपिंग असूनही पूर. टॉमकॅटचा डिफॉल्ट ग्रुप नेमका याच खड्ड्यात पडतो. नवा ग्रुप निवडताना मधले आकडे ०.० किंवा १२८.० येऊ देऊ नयेत, ते यासाठीच.

टॅग कॉमेंट करून रीस्टार्ट द्यायला आता हरकत नव्हती. पण हाका मारणारा दिसला म्हणून ऐकणारा कोणी नाही असं होत नाही. म्हणून टीसीपीडम्प पुन्हा लावला, या वेळी आत येणाऱ्या पॅकेट्सवर. त्याच ग्रुपवर दुसऱ्या आयपीवरून हार्टबीट येत होते. मॅडमना फिल्टर सोर्सऐवजी डेस्टिनेशनवर लावायला सांगितला, त्यांच्या लॉगमध्येही तोच आयपी होता.

तो टेस्ट सर्व्हर निघाला. डेव्हलपर टीमने प्रॉडक्शनचं व्हीएम क्लोन करून त्याच व्हीलॅनमध्ये उभा केलेला. सर्व्हर डॉट एक्सएमएल तीच, ॲपचं नाव तेच, वेब डॉट एक्सएमएलमध्ये सेशन दुसऱ्या टॉमकॅटला द्यायची मुभा देणारा डिस्ट्रिब्युटेबलचा टॅगही तोच. टॉमकॅट ग्रुप आणि पोर्ट जुळले की समोरच्याला आपला मानतो, नातं तपासत नाही. लॉगमध्ये 'रेप्लिकेशन मेंबर ॲडेड' अशी ओळ आणि पुढे टेस्ट सर्व्हरचा आयपी स्पष्ट लिहिलेला. टीसीपी ४००० वर दोघांमध्ये कनेक्शनही उघडं होतं. म्हणजे खऱ्या ग्राहकांची लॉगिन सेशन्स टेस्ट सर्व्हरच्या मेमरीत जात होती. हे ट्रॅफिक व्हीलॅनच्या आतलं असल्यामुळे फायरवॉलला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसत होते ते फक्त हे कंटाळवाणे ड्रॉप.

इथून कामाचा रंग बदलला. मॅनेजर आणि सिक्युरिटी टीमला कळवलं, टेस्ट सर्व्हरचं नेटवर्क कार्ड व्हीएमवरूनच डिस्कनेक्ट केलं, पण मशीन बंद केलं नाही, कारण मेमरी त्यांना तपासायची होती. प्रॉडक्शनचा टॅग रात्री कॉमेंट केला.

ज्यांना क्लस्टर खरंच हवाय त्यांच्यासाठी एक खाचखळगा सांगतो. स्टॅटिक मेंबरशिपचा इंटरसेप्टर लावून मेंबर हाताने लिहिता येतात, पण तेवढ्याने मल्टिकास्ट बंद होत नाही. क्लस्टरच्या टॅगमध्ये चॅनेल स्टार्ट ऑप्शन्सला ३ द्यावं लागतं, नाहीतर हार्टबीट चालूच राहतात.

उरलेला आवाज किरकोळ होता. २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३, म्हणजे एमडीएनएस, आसपासची मशीन नावाने शोधण्याची पद्धत. ते बोलणाऱ्या अवाही डीमनची सर्व्हरवर काहीच गरज नव्हती. मात्र त्याची सर्व्हिस बंद करताना मागणी आली की त्याला उठवणारं सॉकेट युनिटही बंद करावं लागतं, नाहीतर तो पुन्हा उठून बसतो. आमच्यातल्या एकाने उत्साहाने सुचवलं, "सर, सगळा २२४ चा पट्टाच सर्व्हरवर ब्लॉक करू ना." शेजारच्या दोन प्रॉक्सी कीपअलाइव्हडवर चालतात आणि एक पडली तर दुसरीने आयपी उचलावा म्हणून २२४.०.०.१८ वर व्हीआरआरपी बोलतात. तोच ब्लॉक तिथेही लागला असता तर दोघांनीही स्वतःला मास्टर समजून एकच व्हर्च्युअल आयपी उचलला असता. त्या ग्रुपसाठी मात्र मॅडमनी लॉग न करणारा रूल टाकला, आणि तो योग्यच होता.

सिक्युरिटी टीमचा प्रश्न एकच होता: हे कधीपासून? फायरवॉलचे जुने लॉग या ओळींमुळेच लवकर पुसले गेले होते. तारीख मिळाली ती टेस्ट सर्व्हरच्या कॅटालिना लॉगमधून, 'मेंबर ॲडेड'च्या पहिल्या ओळीवरून. ती क्लोन केला त्याच दिवसाची होती.