पडणारा पेशंट झेलायचा नसतो

सकाळची ड्युटी होती. स्ट्रोकचे काका, डावी बाजू अशक्त, वजन ९६ किलो, आणि आज त्यांना पहिल्यांदाच बेडवरून उठवून चार पावलं चालवायचं होतं. मदतीला नवीन ब्रदर, तगडा पोरगा, आणि काकांचा मुलगा बाजूला व्हिडिओ काढायला सज्ज.

तयारी नेहमीचीच. बेडचे ब्रेक लावले, काकांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतील इतका बेड खाली घेतला, पाय खाली सोडून जरा वेळ कडेला बसवलं कारण एकदम उभं केलं की बीपी पडतं. काकांच्या कमरेला चालवायचा बेल्ट, म्हणजे चालताना पेशंटला धरायचा पट्टा, बांधला. तेवढ्यात मुलगा पुढे येऊन बाबांच्या बगलेत हात घालून उचलायलाच लागला, त्याला थांबवलं. स्ट्रोकनंतर अशक्त बाजूचा खांदा बरेचदा सैल झालेला असतो, बगलेतून ओढला तर सांधा जागचा सरकू शकतो, आणि ओढणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. काकांना म्हटलं, पुढे वाका, उजव्या पायावर जोर द्या, आणि ते बऱ्यापैकी स्वतःच उठले.

मी डावीकडे, किंचित मागे, हात बेल्टमध्ये. दाराकडे निघालो, काका बोलत बोलत चालले होते आणि मधेच बोलायचे थांबले. मला तिथेच कळलं, आणि पुढच्याच पावलाला डावा गुडघा दुमडला. ब्रदर समोरून झेलायला झेपावला, मी जोरात ओरडले, "झेलू नको, खाली घेऊया, तू डोकं बघ!" एक पाय मागे टाकला, बेल्टने काकांना अंगाजवळ ओढून घेतलं, पुढचा पाय घसरगुंडीसारखा तिरका ठेवला आणि ते माझ्या मांडीवरून घसरत खाली आले, मीही गुडघ्यात वाकत त्यांच्याबरोबर खाली. लक्ष फक्त डोक्यावर. सगळं दोन-तीन सेकंदात झालं.

आणि मग मुलाचा आवाज चढला. "तुम्ही दोघं होतात आणि बाबांना पडू दिलंत!" त्याच्या जागी मीही चिडलेच असते म्हणा.

पण हिशोब बघा. अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताने उचलायची मर्यादा सुचवली ती ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, आणि तीही सगळं अनुकूल असेल तर. माणसाचा एक पाय वजनाच्या जवळपास सहावा भाग भरतो. म्हणजे काकांचा नुसता एक पाय उचलला तरी मर्यादा संपली, आणि इथे अख्खे काका कोसळत होते. अशा वेळी झेलणारा पुढे वाकलेला असतो, वर कमरेत पिळलेला, आणि वाकणं, पिळणं, वजन हे तिन्ही एकत्र आलं की कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकायला अजून काही लागत नाही. मग पेशंटही पडतो आणि झेलणाराही, कधी कधी पेशंटच्याच अंगावर. ट्रेनिंगला आम्हाला पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका, वजन अंगाजवळ धरा असं शिकवतात, खोकं उचलायला ते ठीक आहे पण खोकं मधेच घाबरून तुमची मान धरत नाही ना. आणि उचलणाऱ्याने स्वतःच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधला की चालतं, हा आमच्याकडचा आणखी एक लाडका गैरसमज.

आता काका खाली. मुलगा आणि ब्रदर दोघांनाही हातापायाला धरून लगेच वर घ्यायची घाई. मी म्हटलं थांबा, इथून ते अजून खाली पडणार नाहीयेत. डोक्याखाली उशी दिली, बीपी-शुगर बघितली, डॉक्टरांनी येऊन डोकं, मान, खुबा तपासला. बीपी पडलं होतं, बाकी काही नाही. मग हॉइस्ट, म्हणजे पेशंट उचलायचं मशीन, आणायला सांगितला तर आमच्या वॉर्डच्या हॉइस्टची बॅटरी डाऊन! नेहमीचंच. शेजारच्या वॉर्डातून मावशींनी ढकलत आणला तोवर काका जमिनीवरून आम्हालाच सूचना देत होते. कुशीवर वळवून खाली झोळी सरकवली, पट्टे अडकवले, बटण दाबलं आणि ९६ किलो आरामात बेडवर. मुलगा हे बघून जरा गप्प झाला.

इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, धरलं का नाही? मी इन्सिडंट फॉर्मवर सरळ लिहिलं, "पेशंटला नियंत्रित पद्धतीने जमिनीवर घेतलं, इजा नाही, कर्मचाऱ्यांनाही इजा नाही." शेवटचे शब्द त्या फॉर्मवर कुणी लिहीत नाही, तिथे रकानाच नाहीये.

नंतर काकांना परत चालवलं तेव्हा मागे व्हीलचेअर घेऊन ब्रदर चालत होता, थकले की बसवायचं, विषय संपला. हॉइस्टची बॅटरी रोज रात्रपाळीने चार्जिंगला लावायची असं आता बोर्डवर लिहिलंय, लावतात का ते अजून बघायचंय.