पाळणाघरातल्या सगळ्यांचं पोलीस सत्यापन : माझा अनुभव

इंदुरात रामबागेकडे आमच्या मंडळाचं पाळणाघर आहे. नोकरदार आयांची मुलं शाळेतून परस्पर येतात, जेवतात, झोपतात, पाढे-श्लोक म्हणून संध्याकाळी घरी जातात. मी नुकतीच तिथली जबाबदारी घेतली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी आली आणि एका मुलाच्या आईनं, त्या वकील आहेत, विचारलं, "तुमच्या माणसांचं पोलीस सत्यापन झालंय?" कपाट उघडलं तर आधार कार्डांच्या झेरॉक्स, बाकी काही नाही.

पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचे, २०२० चे नियम त्यांनीच वाचायला दिले. शाळा, पाळणाघर, खेळाची अकादमी, जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी करायची. कायम असो की कंत्राटी. आणि ठरावीक काळानं पुन्हा.

यादी केली : मावशी, स्वयंपाकाच्या ताई, व्हॅनचा ड्रायव्हर, चौकीदार, शनिवारचे तबल्याचे सर. मावशींचे फॉर्म कुणालाच खटकले नाहीत (हेही बघण्यासारखंच). अडलं ते सरांवर. कोषाध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, आपल्या गणेशोत्सवात वाजवतात ते. त्यांना थाण्यात पाठवायचं?" मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, मग ओळखीवर सूट कशी द्यायची? वाद वाढवण्यापेक्षा पहिला फॉर्म मी माझा भरला. दुसरा आमच्या ह्यांचा, कारण किल्ल्या आणायला-न्यायला तेच येतात. मग अध्यक्षांना भरावाच लागला. सरांनी भरला, पण जरा फुगूनच.

थाण्यात हवालदारांचा पहिला प्रश्न, "झूलाघर के लिए? किसी पे शक है क्या?" शक नाही, नियम आहे, हे पटवण्यात बराच वेळ गेला. ड्रायव्हरचा कायमचा पत्ता खरगोन जिल्ह्यातला, म्हणून त्याचा कागद तिकडे गेला आणि रेंगाळला. तोवर व्हॅनमध्ये एक मावशी बसायची. ती पद्धत आम्ही पुढेही ठेवली.

पण पोलिसांच्या कागदावर कळतं ते एवढंच की माणसावर गुन्हा नोंदलेला आहे की नाही. तक्रारच झाली नसेल तर कागद कोराच येणार. म्हणून नव्या माणसाच्या आधीच्या मालकांना फोन करायला लागले. एक प्रश्न ठरवून टाकला : "मुलांजवळ यांना परत ठेवाल का?" एका बाईंच्या कामाचं भरपूर कौतुक झालं, पण या प्रश्नावर समोरून आलं, "ते तुम्ही बघा." त्यांना आम्ही घेतलं नाही.

लेखी नियमावली करताना खरी खडाजंगी झाली. मुलाला एकट्यानं बंद खोलीत न्यायचं नाही, घरी न्यायला येणाऱ्यांचे फोटो फाइलला, पाळणाघराच्या कामासाठी काढलेले मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर ठेवायचे नाहीत, इथपर्यंत सगळे हो म्हणाले. मावशींनी विचारलं, "मग रडणाऱ्या पोराला मांडीवर घ्यायचं नाही का?" घ्यायचं हो, सगळ्यांसमोर घ्यायचं. फार रास्त प्रश्न होता, तो उत्तरासकट नियमावलीतच घातला.

अध्यक्षांना मात्र एक वाक्य हवं होतं : 'संशय आल्यास प्रथम समितीत चर्चा करावी.' वकीलबाईंनी त्यावर सरळ काट मारली. लैंगिक गुन्ह्याची शंका जरी आली, तरी पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थाप्रमुखानं दडपलं तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवलेलं पुढे खरं ठरलं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. "मंडळाचं नाव..." असं अध्यक्ष पुटपुटले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, पण कलम वाचल्यावर ते गप्प झाले आणि सही केली.

मुलाची उलटतपासणी आपण करायची नाही, हेही लिहिलं. ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ घालून टिपायचं आणि कळवायचं. पोलीस जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, आणि गणवेशात नसतात. हे ऐकल्यावर मावशींची थाण्याची धास्ती बरीच कमी झाली.

१०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीच्या मदतीचा) हे नंबर आता दारावर मराठी-हिंदीत लावलेत, मुलांच्या उंचीवर. ड्रायव्हरचा कागद अखेर आला, स्वच्छ. सगळ्यांची पुढची पडताळणी दर जूनला, शाळा उघडताना करायचं ठरलंय. तबल्याचे सर म्हणतात, "आता माझा फॉर्म आधी भरा, रांगेत उभं राहायला लावू नका."